अंटार्क्टिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगाचा चौकोनी नकाशा भिंतीवर लावला की अंटार्क्टिका तळाशी लांबच लांब पांढऱ्या पट्टीसारखा दिसतो, आणि बहुतेकांची त्याच्याशी ओळख तिथेच संपते. पृथ्वीचा गोल हातात घ्या आणि उलटा धरा. मग दिसतो एक गोलसर खंड, एका बाजूने शेपटी बाहेर काढलेला आणि चहूबाजूंनी महासागराने वेढलेला. त्याच्याविषयी लोक पुन्हापुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

अंटार्क्टिका हा खरोखर खंड आहे, की नुसता गोठलेला समुद्र?

खंडच आहे. बर्फाखाली खडक आहे, डोंगररांगा आहेत, दऱ्या आहेत, सरोवरंही आहेत. क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे युरोपपेक्षा मोठा. त्यातला ९९ टक्क्यांहून जास्त भाग बर्फाने झाकलेला. या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास आहे, आणि जिथे तो सर्वांत जाड आहे तिथे पावणेपाच किलोमीटरच्या घरात जाते. पृथ्वीवरच्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी इथे गोठून बसलं आहे.

ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांगेने खंडाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत. पश्चिम भागात बर्फाखालचा खडक बऱ्याच ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खाली आहे. ही गोष्ट लक्षात असू द्या, समुद्राच्या पातळीच्या प्रश्नात ती पुन्हा येणार आहे. सर्वांत उंच शिखर व्हिन्सन, ४,८९२ मीटर. रॉस बेटावरचा एरेबस हा जिवंत ज्वालामुखी. आणि व्होस्तोक नावाचं मोठं सरोवर जवळजवळ चार किलोमीटर बर्फाखाली, द्रवरूपात.

हा बर्फ जागच्या जागी बसलेलाही नाही. दक्षिण ध्रुवावर तो वर्षाला सुमारे १० मीटर सरकतो. ध्रुवाची खूण म्हणून रोवलेला खांबही त्याच्याबरोबर वाहत जातो. म्हणून दरवर्षी १ जानेवारीला नव्याने मोजमाप करून नवी खूण योग्य जागी रोवतात. ध्रुव तिथेच असतो, त्याच्यावरचं जमिनीसारखं दिसणारं सगळं मात्र पुढे निघून गेलेलं असतं.

आर्क्टिक आणि अंटार्क्टिका यांत नेमका फरक काय?

आर्क्टिक म्हणजे जमिनीने वेढलेला समुद्र, अंटार्क्टिका म्हणजे समुद्राने वेढलेली जमीन. उत्तरेकडे माणसं हजारो वर्षं राहत आली आहेत. दक्षिणेकडे मूळ रहिवासी असे कोणी कधी नव्हतेच.

नावाची गंमत अशी की ग्रीक भाषेत ‘आर्क्टोस’ म्हणजे अस्वल. हे अस्वल आकाशातलं: आपण ज्यांना सप्तर्षी आणि ध्रुवमत्स्य म्हणतो, त्या तारकासमूहांत ग्रीकांना अस्वलं दिसली. त्या अस्वलाखालचा तो आर्क्टिक आणि त्याच्या बरोबर विरुद्ध टोकाचा तो अंटार्क्टिक. योगायोगाने खरं पांढरं अस्वलही फक्त उत्तरेलाच सापडतं. पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच चित्रात दिसले, तर ते चित्र चुकलेलं आहे.

इतका बर्फ असून त्याला वाळवंट का म्हणतात?

कारण वाळवंट ठरतं पाऊस किती पडतो त्यावर. आतल्या पठारावर वर्षभर पडणाऱ्या बर्फाचं पाणी केलं तर ते ५० मिलिमीटरही भरत नाही. पडतं थोडंच, पण वितळत नाही, म्हणून लाखो वर्षं साठत राहिलं. थंडीचा विक्रमही इथलाच: २१ जुलै १९८३ रोजी व्होस्तोक केंद्रावर उणे ८९.२ अंश सेल्सिअस.

या खंडाचा शोध कोणी लावला?

एका माणसाचं नाव घेता येत नाही, आणि घेऊही नये. दक्षिणेला मोठी भूमी असणार असा तर्क प्राचीन काळापासून होता. जेम्स कुकची जहाजं १७ जानेवारी १७७३ रोजी अंटार्क्टिक वृत्त ओलांडून गेली. पुढच्या वर्षी तो ७१ अंश दक्षिणेपर्यंत पोचला, पण बर्फाने वाट अडवली आणि खंड काही दिसला नाही. १८२० च्या जानेवारीत रशियाच्या मोहिमेचा प्रमुख बेलिंग्सहाउसेन याने किनाऱ्यालगतचा बर्फाचा कडा पाहिला आणि अवघ्या काही दिवसांच्या अंतराने ब्रिटिश नौदलाच्या ब्रान्सफील्डला अंटार्क्टिक द्वीपकल्प दिसलं. नोव्हेंबरात अमेरिकेचा नॅथॅनियल पामर तिथे पोचला. तो सीलच्या शिकारीसाठी आला होता.

शोध लागल्यावर पुढे काय झालं?

शोधमोहिमांची पुस्तकं हा भाग दोन ओळींत उरकतात, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. १८१९ मध्ये साउथ शेटलंड बेटं सापडल्याची बातमी पसरली आणि तिच्या मागोमाग शिकारी जहाजं आली. केसाळ कातडीसाठी फर सीलची कत्तल सुरू झाली. मोजक्या काही वर्षांत त्या किनाऱ्यांवर मारायला सील उरले नाहीत आणि जहाजं पुढच्या बेटांच्या शोधात निघाली. त्या बेटांच्या किनाऱ्यांचे कित्येक नकाशे याच शिकाऱ्यांनी काढलेले आहेत.

देवमाशांचीही तीच गत झाली. १९०४ मध्ये साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन इथे देवमाशांवर प्रक्रिया करणारा तळ उभा राहिला. १९२० च्या दशकात मागच्या बाजूने उतार असलेली प्रचंड जहाजं आली. देवमासा समुद्रातच ओढून वर घ्यायचा आणि तिथेच कापून तेल काढायचं, किनाऱ्याला येण्याची गरजच नाही. त्यामुळे कोणाच्याही कायद्याचा लगाम राहिला नाही. दक्षिण महासागरातले निळे देवमासे मूळ संख्येच्या एका टक्क्याहूनही कमी उरले. व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली ती १९८६ मध्ये. अंटार्क्टिकाच्या रक्षणासाठी आज जे कडक नियम आहेत, ते कोणाला जाचक वाटले तर त्याने आधी हा इतिहास वाचावा.

दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीत अमुंडसेन जिंकला आणि स्कॉट हरला, ते कशामुळे?

नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन आणि त्याचे चार सोबती १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले. ब्रिटनचा रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे चार सोबती पोचले १७ जानेवारी १९१२ रोजी, आणि तिथे त्यांना नॉर्वेचा तंबू उभा दिसला.

अमुंडसेन आधी उत्तरेच्या सफरीत इनुइट लोकांच्या सान्निध्यात राहिला होता. कातडी कपडे कसे घालायचे, कुत्र्यांच्या घसरगाड्या कशा हाकायच्या, हे तो त्यांच्याकडून शिकला. वाटेतल्या अन्नसाठ्यांच्या खुणा त्याने वाटेला आडव्या लावल्या: साठ्याच्या दोन्ही अंगांना किलोमीटरच्या किलोमीटर निशाणांची रांग. धुक्यात वाट थोडी चुकली, तरी कुठलं ना कुठलं निशाण आडवं येणारच. ५२ कुत्रे घेऊन निघाला, ११ घेऊन परतला. बाकीचे वाटेत मारून खायला घालण्याचा हिशेब आधीच मांडलेला होता. तो हिशेब आज वाचवत नाही, पण त्याची माणसं जिवंत परतली.

स्कॉटने मोटारगाड्या, तट्टं, कुत्रे आणि शेवटी माणसांनी गाडी ओढणं, असं सगळंच थोडंथोडं वापरलं. आहार श्रमांना पुरेसा नव्हता, साठ्यांतल्या डब्यांमधून इंधन उडून गेलं होतं आणि मार्चमध्ये थंडी नेहमीपेक्षा फारच कडक पडली. शेवटचे तिघे मोठ्या साठ्यापासून सुमारे १८ किलोमीटरवर तंबूत मरण पावले. स्कॉटला मूर्ख ठरवणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण त्याच्या गाडीवर सापडलेले दगड.

परतीच्या वाटेवर, पाय हिमदंशाने निकामी होत असताना, या माणसांनी गोळा केलेले सुमारे १६ किलो दगड शेवटपर्यंत टाकले नाहीत. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस या झाडाच्या पानांचे ठसे होते. जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठळक शीर, दोन्ही बाजूंना जाळीदार बारीक शिरा. २५ कोटी वर्षांपूर्वीच्या या झाडाचे जीवाश्म भारताच्या कोळशाच्या थरांत मिळतात, दक्षिण आफ्रिकेत मिळतात, ऑस्ट्रेलियातही मिळतात. या सगळ्या भूमी एकेकाळी जोडलेल्या होत्या, याचा तो सज्जड पुरावा. त्या प्राचीन महाखंडाचं नाव गोंडवन, मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं.

शॅकलटनचं जहाज सापडलं, ते खरं का?

खरं. ब्रिटिश शोधप्रवासी अर्नेस्ट शॅकलटन याचं ‘एंड्युरन्स’ बर्फात चिरडून २१ नोव्हेंबर १९१५ रोजी बुडालं आणि ५ मार्च २०२२ रोजी वेडेल समुद्रात सुमारे ३,००० मीटर खोलीवर सापडलं. लाकूड पोखरणारे किडे त्या थंड पाण्यात नसल्याने मागच्या फळीवरचं नावसुद्धा वाचता येतं. जहाज आंतरराष्ट्रीय करारानुसार संरक्षित आहे. त्याची छायाचित्रं घेतली, त्यातलं काहीही वर आणलं नाही.

भारताचा तिथे काय संबंध?

अंटार्क्टिका कोण्या एका देशाच्या लष्करी खेळाचं मैदान होऊ नये, हा विषय भारताने १९५६ मध्येच संयुक्त राष्ट्रांत मांडला होता. प्रत्यक्ष पहिली मोहीम निघाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून. डॉ. सय्यद झहूर कासिम तिचे नेते होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ही तुकडी बर्फावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. अंटार्क्टिकावर संशोधनासाठी गेलेल्या या पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ.

त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिलं केंद्र उभं राहिलं, तेही तरंगत्या बर्फावर. काही वर्षांतच ते बर्फाखाली गाडलं गेलं आणि सोडून द्यावं लागलं. त्यातून धडा घेऊन १९८९ मध्ये ‘मैत्री’ खडकावर बांधलं. शिर्माकर टेकड्यांचा तो भाग बर्फाच्या पसाऱ्यातला उघडा खडकाळ तुकडा आहे, आणि केंद्राला पाणी मिळतं शेजारच्या प्रियदर्शिनी सरोवरातून. तिसरं केंद्र ‘भारती’, २०१२ पासून, लार्समन टेकड्यांवर. ते १३४ मालवाहू कंटेनर जोडून उभारलं आहे, म्हणजे गरज संपली की उचलून नेता येईल.

या खंडाची मालकी कोणाची?

सात देशांनी दावे केले आहेत: अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, चिली, फ्रान्स, न्यूझीलंड, नॉर्वे आणि ब्रिटन. त्यांतले काही एकमेकांवर चढलेलेही आहेत. पण १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी वॉशिंग्टनमध्ये अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या आणि हे सगळे दावे होते तिथेच गोठवले. करार चालू आहे तोवर कोणाचा दावा मान्यही होत नाही, रद्दही होत नाही, नवा करताही येत नाही. ६० अंश दक्षिणेच्या खाली लष्करी कारवाया, अणुस्फोट आणि किरणोत्सारी कचरा यांना बंदी, संशोधनाला मोकळीक. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी एकाच कागदावर सही करून एकमेकांना आपापली केंद्रं तपासायची मुभा दिली, हे मला आजही थक्क करतं. भारत १९८३ मध्ये करारात सामील झाला आणि त्याच वर्षी त्याला मताचा अधिकार मिळाला.

तिथलं खनिज काढता येतं का? २०४८ मध्ये बंदी उठणार आहे म्हणतात.

काढता येत नाही, आणि २०४८ मध्ये बंदी आपोआप उठणारही नाही. ही अफवा फार पसरली आहे.

१९८८ मध्ये उलटाच करार तयार झाला होता, नियम पाळून खाणकामाला परवानगी देणारा. पुढच्या वर्षी जानेवारीत ‘बाहिया पाराइसो’ हे अर्जेंटिनाचं जहाज द्वीपकल्पाजवळ खडकावर आपटलं आणि डिझेल समुद्रात सांडलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी खाणकामाच्या करारातून अंग काढून घेतलं आणि तो बारगळला. त्याच्या जागी ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद इथे पर्यावरण संरक्षणाचा जोडकरार झाला, जो १४ जानेवारी १९९८ पासून लागू आहे. संशोधन सोडून खनिजाशी संबंधित कुठलंही काम तो मना करतो.

लागू झाल्यापासून ५० वर्षांनी, म्हणजे २०४८ नंतर, मताधिकार असलेला कोणताही देश फेरविचाराची बैठक मागू शकतो. एवढीच तरतूद आहे. बंदी बदलायची तर मोठं बहुमत लागेल, आणि खाणकामाला बांधील नियमांची चौकट आधी तयार असावी लागेल.

कचऱ्याचं काय करतात?

पूर्वी हिवाळ्यात कचरा समुद्रावरच्या बर्फावर नेऊन टाकत. उन्हाळ्यात बर्फ फुटला की सगळं तळाला. अमेरिकेच्या मॅकमर्डो केंद्रावर तर १९६२ ते १९७२ या काळात छोटी अणुभट्टी चालवली होती. ती बंद केल्यावर तिच्याबरोबर दूषित माती आणि खडकही जहाजांत भरून परत न्यावा लागला.

आता बहुतेक कचरा वर्गवारी करून जहाजाने परत जातो. उघड्यावर जाळणं बंद. पॅकिंगमधले थर्मोकोलचे मणी आणायलाच बंदी आहे, कारण एकदा वाऱ्यावर उधळले की ते वेचणं अशक्य. परकी माती चालत नाही. आणि १ एप्रिल १९९४ पर्यंत सगळे कुत्रे हलवावे लागले, त्यांचे रोग सीलना लागतील या भीतीने. ज्या कुत्र्यांच्या जोरावर ध्रुव गाठला, त्यांना तिथे आता जागा नाही, आणि निर्णय बरोबरच होता.

एक अडचण मात्र उरतेच. बर्फमुक्त जमीन एक टक्काही नाही, आणि पेंग्विन, सील, शेवाळ आणि संशोधन केंद्रं, सगळ्यांना हवी तीच. शिवाय बहुतेक केंद्रं डिझेलवर चालतात. बेल्जियमचं ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ केंद्र २००९ पासून वारा आणि सूर्य यांच्यावर भर देऊन चालवलं जातं, म्हणजे ते जमू शकतं. इतरांनी त्या मानाने फार संथ पावलं टाकली आहेत.

ओझोनचं छिद्र बुजलं का?

बुजत आहे. ब्रिटनच्या हॅली केंद्रावर जो फारमन आणि त्याचे सहकारी एका साध्या, जुन्या उपकरणाने वर्षानुवर्षं ओझोन मोजत होते. वसंतातले आकडे दरवर्षी घसरताना दिसले, तेव्हा त्यांनी १९८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, माँट्रियल करार झाला आणि ओझोनखाऊ क्लोरोफ्लुरोकार्बन वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले. हे वायू फार टिकाऊ असल्याने अंटार्क्टिकावरचा थर १९८० च्या पातळीवर यायला साधारण २०६६ उजाडेल. कंटाळवाण्या, नियमित नोंदींना पैसे कशाला, असं विचारणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

बर्फातून जुनं हवामान कसं कळतं?

बर्फ पडताना कणांच्या मधे हवा अडकते. वरचा थर वाढतो, खालचा दाबला जातो, आणि त्या हवेचे बुडबुडे होऊन कायमचे बंद होतात. खोल भोक पाडून काढलेला बर्फाचा दंडगोल उजेडात धरला की हे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. तो तुकडा पाण्यात टाकला तर बारीक तडतड ऐकू येते: हजारो वर्षं कोंडलेली हवा बाहेर पडत असते.

पूर्वेकडच्या पठारावरच्या डोम सी या जागेतल्या बर्फातून ८ लाख वर्षांची नोंद मिळाली. त्या संपूर्ण काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण ३०० भागांच्या वर कधी गेला नव्हता. आज तो ४२० च्या पुढे आहे.

हा बर्फ वितळला तर समुद्र किती वाढेल?

सगळा वितळला तर सुमारे ५८ मीटर. ते लवकर होणार नाही, म्हणून या आकड्याने घाबरवण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे पुढच्या काही दशकांत किती जाईल हा.

आधी एक गोंधळ दूर करू. पेल्यात बर्फाचा खडा तरंगतो आहे आणि पाणी काठोकाठ आहे. खडा वितळला तरी पाणी सांडत नाही. समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचंही तसंच. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला की. मग तरंगत्या बर्फाची काळजी कशाला? कारण किनाऱ्याला चिकटलेले त्याचे जाड पट्टे, ज्यांना आइस शेल्फ म्हणतात, मागच्या हिमनद्यांना बुचासारखे थोपवून धरतात. २००२ मध्ये लार्सन-बी हा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा पट्टा काही आठवड्यांत फुटून विखुरला, आणि त्याच्या मागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला.

आता ती लक्षात ठेवलेली गोष्ट. पश्चिमेकडची थ्वेट्स हिमनदी समुद्रसपाटीखालच्या खडकावर बसली आहे आणि तो खडक आतल्या दिशेने आणखी खोल होत जातो. तुलनेने कोमट समुद्राचं पाणी तिच्या पायाशी घुसून खालून बर्फ खातं. ती जसजशी मागे सरते, तसतसा पाण्याला सामोरा जाणारा कडा मोठा होतो. ही एकटी संपूर्ण गेली तर समुद्र ६० सेंटिमीटरहून अधिक वाढेल.

आणखी एक बाब फारशी कोणी सांगत नाही. हा बर्फ इतका अवजड आहे की तो गुरुत्वाकर्षणाने भोवतालचं पाणी स्वतःकडे ओढून ठेवतो. बर्फ घटला की ही ओढ कमी होते आणि पाणी दूर पसरतं. म्हणजे अंटार्क्टिकातून गेलेल्या बर्फाचा जास्त फटका बसतो तो विषुववृत्तापलीकडच्या किनाऱ्यांना. कचरा परत नेऊन, कुत्रे हलवून, खाणी रोखून या खंडाला जे राखलं, ते बाकीच्या जगातल्या धुराने जाऊ शकतं, आणि अंटार्क्टिक करारात त्यावर उपाय नाही.

पेंग्विनना धोका आहे का?

सगळ्यांना सारखा नाही. एम्परर पेंग्विन मात्र थेट अडचणीत आहेत, कारण ते समुद्रावर गोठलेल्या बर्फावरच पिल्लं वाढवतात. पिल्लांना पाणी न शिरणारी पिसं यायच्या आत तो बर्फ फुटला तर ती बुडतात किंवा गारठून मरतात. २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउसेन समुद्रातल्या पाचपैकी चार वसाहतींत हेच घडलं. पुढच्याच वर्षी हिवाळ्यात समुद्रावरचा बर्फ उपग्रहांच्या नोंदींतल्या नीचांकावर होता. त्यात २०२४ च्या फेब्रुवारीत पक्ष्यांचा घातक फ्लू मुख्य खंडावर पोचल्याचं निश्चित झालं.

पर्यटक म्हणून जावं का?

नियमांपुरतं उत्तर असं: ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही उतरता येत नाही, एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त माणसं नसतात, आणि पेंग्विनपासून किमान ५ मीटर दूर राहायचं. उतरण्याआधी बूट धुतात, आणि जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बी चिमट्याने वेचून काढतात. हा अतिरेक वाटतो, पण माणसाबरोबर आलेलं परकं गवत किंग जॉर्ज बेटावर खरोखर रुजलं होतं. फ्लूमुळे आता पक्ष्यांच्या वसाहतीजवळ खाली बसायला किंवा बॅग टेकवायलाही मनाई करतात.

एका हंगामात लाखाहून जास्त लोक जातात, त्यातले बहुतेक द्वीपकल्पाच्या त्याच त्याच मोजक्या किनाऱ्यांवर. माझं मत विचाराल तर, केवळ सातवा खंड पाहिल्याची खूण करायला जाऊ नये. त्या प्रवासाचा धूर त्याच बर्फाच्या वाट्याला येतो.

आठवण म्हणून एखादा दगड आणता येतो का?

नाही. दगड, पीस, हाड, अंड्याचं कवच, काहीही नाही. संशोधकांनाही परवाना लागतो आणि काय उचललं, किती उचललं याची नोंद द्यावी लागते. ग्लॉसॉप्टेरिसचं पान पाहायचं असेल, तर स्कॉटच्या गाडीवरचे ते दगड लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात जपून ठेवले आहेत.